परदेशातील नाकाबंदी आणि परका चालक

भाड्याने मोटार घेऊन परदेशात फिरणाऱ्या भारतीयांसाठी जी माहितीपत्रके निघतात, त्यांत रस्त्याची डावी-उजवी बाजू, वेगमर्यादा आणि पथकर यांची माहिती सविस्तर असते. पोलिसांनी हात दाखवला तर पुढे काय, या प्रश्नाची बोळवण मात्र 'पोलिसांना सहकार्य करावे' एवढ्यावर केलेली असते. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण सहकार्य कशाला म्हणायचे हे देशागणिक बदलते, आणि ते का बदलते हे समजण्यासाठी त्या देशाच्या कायद्याने पोलिसाला वाहन अडवण्याचा अधिकार कोणत्या हेतूने आणि कोणत्या मर्यादेत दिला आहे, ते पाहावे लागते.

महाराष्ट्रात नाकाबंदीवर वाहन अडवले गेले की चालक बहुधा आपण होऊन खाली उतरतो, कागदपत्रे घेऊन 'साहेबां'पर्यंत चालत जातो, आणि गणवेशातील अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना दाखवण्याचे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० ने घालून दिलेले कर्तव्य तेथे उभ्याउभ्याच पार पडते. खाली उतरणे हे येथे अदबीचे लक्षण मानले जाते आणि गाडीत बसून राहणारा उर्मट ठरतो. अमेरिकेत हीच अदब धोक्याची ठरू शकते. तेथे खासगी बंदुकांचे प्रमाण मोठे असल्यामुळे अडवलेल्या प्रत्येक मोटारीत शस्त्र असू शकते, असे गृहीत धरूनच पोलिसांना प्रशिक्षण दिले जाते, आणि न सांगता दार उघडून आपल्या दिशेने येणाऱ्या माणसाकडे ते संभाव्य हल्लेखोर म्हणून पाहतात. म्हणून मागून येणाऱ्या पोलिसी गाडीचे दिवे लुकलुकू लागताच उजव्या कडेला सुरक्षित जागी थांबणे, इंजिन बंद करून काच खाली करणे, रात्र असल्यास आतला दिवा लावणे आणि दोन्ही हात सुकाणूचक्रावर दिसतील असे ठेवणे, ही तेथील रूढ रीत आहे. समोरच्या कप्प्यातून कागद काढायचे असतील तर ते कोठे आहेत हे आधी सांगून, अधिकाऱ्याने होकार दिल्यावरच हात हलवायचा असतो. उतरायला सांगितले गेले तर मात्र उतरावेच लागते: वैध रीतीने अडवलेल्या वाहनाच्या चालकाला खाली उतरवण्याचा पोलिसांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मान्य केला आणि १९९७ मध्ये तो प्रवाशांपर्यंत वाढवला.

वैध रीतीने अडवलेले, या शब्दांमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडती आणि अवाजवी अटकाव यांपासून संरक्षण देते, आणि धावती मोटार थांबवणे हाही, मग तो अर्ध्या मिनिटाचा का असेना, कायद्याच्या दृष्टीने अटकावच ठरतो. त्यामुळे केवळ परवाना तपासावासा वाटला म्हणून एखाद्या पोलिसाने रस्त्यावरची एखादी गाडी निवडून थांबवावी, याला न्यायालयाने १९७९ मध्ये 'डेलावेअर विरुद्ध प्राउज' या खटल्यात नकार दिला. अशा वेळी वाजवी संशय, म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल असे ठोस कारण, असावे लागते. त्याच निकालात न्यायालयाने एक वाट मोकळी ठेवली होती: एकेका पोलिसाच्या मर्जीवर काहीही न सोपवता समोरून येणारी सगळीच वाहने थांबवली, तर गोष्ट वेगळी ठरू शकते. अमेरिकेतील आजच्या मद्यपानविरोधी नाकाबंदीचा घटनात्मक आधार या तर्कात आहे.

या तर्काची कसोटी १९९० च्या मिशिगनमधील खटल्यात लागली. सॅगिनॉ परगण्यात एका रात्री सुमारे सव्वा तास चाललेल्या नाकाबंदीतून १२६ वाहने गेली, प्रत्येकाचा सरासरी २५ सेकंदांचा खोळंबा झाला आणि मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल दोघांना अटक झाली. हा खोळंबा किरकोळ आहे आणि मद्यपी चालकांना रस्त्यावरून हटवण्याचे सार्वजनिक हित मोठे आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही पद्धत वैध ठरवली. गंमत अशी की, खटला मूळ राज्यात परतल्यावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये राज्याच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेऊन हीच नाकाबंदी अवैध ठरवली, आणि ज्या मिशिगनमुळे देशभर तिला मान्यता मिळाली त्या मिशिगनमध्येच ती होत नाही. टेक्सास, ओरेगन, वॉशिंग्टन यांसारख्या आणखी काही राज्यांतही ती होत नाही. कॅलिफोर्नियात मात्र शुक्रवार-शनिवारच्या रात्री प्रखर दिवे, शंकू आणि फलक लावून ती उघडपणे होते व बऱ्याचदा आधी जाहीरही केली जाते. एकाच सहलीत दोन राज्यांतून जाणाऱ्या पाहुण्याला यात विसंगती दिसली तर नवल नाही, पण संघराज्य पद्धतीत ते अपेक्षितच आहे.

नाकाबंदीचा हेतू बदलला की तिची वैधताही बदलते. इंडियानापोलिस शहराने १९९८ मध्ये अमली पदार्थ शोधण्यासाठी नाके उभारून १,१६१ वाहने थांबवली आणि १०४ जणांना अटक केली. मद्यपानविरोधी मोहिमांच्या तुलनेत हे यश डोळ्यांत भरणारे होते, तरीही २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. रस्त्याची सुरक्षितता हा एक हेतू झाला आणि सर्वसाधारण गुन्हेतपास हा दुसरा, आणि दुसऱ्यासाठी संशयाविना सरसकट सर्वांना अडवता येणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

परकीय नागरिकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो सीमा गस्ती दलाचा नाका. हे नाके सीमेवर नसतात, तर सीमेपासून बरेच आत, महामार्गांवर असतात. कॅलिफोर्नियातील पाचव्या आंतरराज्य महामार्गावरचा सॅन क्लेमेंटेचा नाका मेक्सिकोच्या सीमेपासून रस्त्याने ६६ मैलांवर आहे. तेथे प्रत्येक वाहन थांबवून प्रवाशांच्या नागरिकत्वाविषयी थोडक्यात विचारणा करण्याचा अधिकार १९७६ मध्ये मान्य झाला. अमेरिकी नागरिक अशा प्रश्नांना उत्तर न देण्याच्या हक्काविषयी वाद घालताना दिसतात, पण त्यांचे अनुकरण भारतीय पाहुण्याने करू नये, कारण १८ वर्षांवरील परकीय व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सदैव जवळ बाळगावा, असे तेथील कायदाच सांगतो. सॅन दिएगोहून लॉस एंजेलिसला परतताना पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत सुरक्षित आहे, ही त्यामुळे समाधानाची गोष्ट नव्हे.

अमेरिकी नाक्यावर भारतीय माणसाची सर्वांत सूक्ष्म गफलत होते ती झडतीच्या वेळी. 'मी जरा गाडीत पाहिले तर चालेल ना?' असा सौम्य प्रश्न अधिकारी विचारतो आणि भारतीय कानांना तो हुकूमच वाटतो. कायद्याच्या दृष्टीने ती विनंती असते; होकार दिला की झडती संमतीची ठरते आणि तिच्यासाठी वेगळे कारण लागत नाही. नकार देता येतो हे चालकाला सांगण्याचे बंधन पोलिसांवर नाही, असे न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले आहे. नकार द्यायचा असल्यास तो शांतपणे, एका वाक्यात द्यावा, आणि तरीही झडती सुरू झाली तर शारीरिक अडथळा न आणता नंतर न्यायालयात दाद मागावी. श्वासचाचणीचे मात्र तसे नाही. बहुतेक राज्यांत 'गृहीत संमती'चा नियम आहे, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याने अटकेनंतरच्या मद्यचाचणीला आधीच संमती दिली आहे असे मानले जाते, आणि ती नाकारल्यास गाडी चालवण्याची मुभा काढून घेतली जाते. २०१६ च्या निकालानुसार अशी श्वासचाचणी न्यायालयीन आदेशाविना घेता येते, पण रक्त काढायचे तर सामान्यतः आदेश किंवा चालकाची संमती लागते.

आता कागदपत्रांविषयी. परदेशात गाडी चालवणारा बहुतेक भारतीय ज्याला आंतरराष्ट्रीय परवाना म्हणतो, ती वस्तुतः रस्ता वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेली, मूळ परवान्याचा अनेक भाषांत अनुवाद करणारी पुस्तिका आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आरटीओत, नमुना ४-अ भरून ती मिळते, एक वर्ष चालते, आणि मूळ परवान्याशिवाय तिला काहीही किंमत नसते. २०२२ पासून तिचा नमुना देशभर एकसारखा झाला असून त्यावर मूळ परवान्याशी जोडलेला क्यूआर कोड असतो. नाक्यावरचा अधिकारी तीत पाहतो तो वाहनप्रकाराचा शिक्का. मोटारीचा शिक्का असून दुचाकीचा नसेल, आणि चालक फुकेतच्या चढावर भाड्याची स्कूटर हाकत असेल, तर दंड ही त्यातली लहान बाब असते. त्या स्थितीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भारतात डिजिलॉकरमधील परवाना ग्राह्य धरला जाऊ लागल्यापासून प्लास्टिकचे कार्ड घरी ठेवण्याची सवय वाढली आहे. देशाबाहेर मोबाइलच्या पडद्यावरील भारतीय परवाना कोणी मान्य करील, या भरवशावर राहू नये. चीन तर या पुस्तिकेलाही मान्यता देत नाही, तर जपान १९४९ च्या कराराप्रमाणे काढलेलीच पुस्तिका स्वीकारतो आणि त्यामुळे भारतीय चालकाची तेथे सोय होते.

ब्रिटनची पद्धत अमेरिकेच्या उलट टोकाला सुरू होते. रस्ता वाहतूक अधिनियम, १९८८ च्या कलम १६३ प्रमाणे गणवेशातील पोलिसाने सांगितल्यावर चालकाने थांबलेच पाहिजे, आणि त्यासाठी पोलिसाला कोणतेही कारण द्यावे लागत नाही. मात्र रस्त्यावरच्या श्वासचाचणीसाठी कारण लागते: मद्यपानाचा संशय, वाहन चालवताना घडलेला वाहतुकीचा गुन्हा किंवा अपघात. गाडी कारणाविना थांबवता येते आणि थांबल्यावर चालकाच्या तोंडाला वास आला की संशयाचे कारण आपोआप मिळते, त्यामुळे ही मर्यादा व्यवहारात बरीच पातळ होते, हे मान्य करावे लागेल. श्वासमापक यंत्र तेथे १९६७ मध्ये वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांच्या कारकिर्दीत आले. मद्यपी चालकांचा राग ओढवून घेणाऱ्या या मंत्र्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, याचा विरोधकांनी पुरेपूर उपयोग केला. त्या वेळी ठरलेली १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा इंग्लंडमध्ये पुढेही कायम राहिली, तर स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये ती ५० वर आणली. भारताची मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे दोन्हींहून कडक आहे, हे परदेशात 'तिकडे कायदे फार कडक' असे सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ब्रिटिश कायद्यातील एक सौम्यपणा पाहुण्यांना चकित करतो: परवाना जवळ नसल्यास तो सात दिवसांत पोलीस ठाण्यात दाखवण्याची मुभा असते. विम्याबाबत मात्र या सवलतीवर विसंबून राहता येत नाही. नंबरपाटी वाचणारे कॅमेरे विम्याच्या नोंदींशी जोडलेले असल्याने विना-विमा गाडी जागच्या जागी जप्त होऊ शकते, आणि एखाद्या नातेवाइकाची मोटार 'दोन दिवस घेतो' म्हणून नेणाऱ्याने त्या विम्यात आपले नाव आहे की नाही हे आधी पाहिलेले बरे.

संशयाची अटच काढून टाकणारा मार्ग ऑस्ट्रेलियाने स्वीकारला. व्हिक्टोरिया राज्याने १९७६ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने १७ डिसेंबर १९८२ रोजी सरसकट श्वासचाचणी सुरू केली. कोणताही चालक, कोणत्याही वेळी, कोणत्याही कारणाविना थांबवून त्याची चाचणी घेता येते. यामागील विचार मद्यपींना पकडण्याचा कमी आणि त्यांना आधीच परावृत्त करण्याचा अधिक आहे, ज्याला गुन्हेशास्त्रात सर्वसाधारण प्रतिरोधन म्हणतात: पकडले जाण्याची शक्यता प्रत्येकाला खरी वाटली पाहिजे, म्हणून नाका लपवायचा नाही, उलट मोठी बस रस्त्याच्या कडेला उभी करून तो सर्वांना दिसू द्यायचा. न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्याच वर्षी रस्ते अपघातांतील मृत्यू साडेबाराशेच्या आसपासून हजाराच्या आत आले, आणि त्यानंतर या पद्धतीला विरोध करणे राजकारण्यांना अवघड झाले. परक्या चालकाला तेथे हक्कांची चर्चा करायला जागा जवळपास नाही; काही ठिकाणी यंत्राकडे तोंड करून एक ते दहा अंक मोजायला सांगतात, तेवढे मोजले की दहापैकी नऊ वेळा प्रवास पुढे सुरू होतो, आणि नकार देणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो. व्हिक्टोरियाने २००४ मध्ये लाळेच्या नमुन्यावरून अमली पदार्थांची चाचणीही सुरू केली. तीत चालकाच्या क्षमतेवर परिणाम झाला की नाही हा प्रश्न नसतो, पदार्थाचा अंश सापडणे पुरेसे असते. ज्या देशांत गांजाला मोकळीक आहे तेथून थेट मेलबर्नला उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

युरोपच्या मुख्य भूमीवर अडचण येते ती हक्कांपेक्षा खुणांची आणि पैशांची. जर्मनीत पोलिसांची गाडी, कधी साध्या रंगाची बिगरनिशाणीची, मागे न राहता पुढे येते आणि तिच्या मागच्या काचेत 'मागे या' अशा अर्थाची जर्मन अक्षरे उजळतात. अमेरिकी सवयीने तिथल्या तिथे महामार्गाच्या कडेला थांबणे तेथे धोक्याचे, तिच्या मागोमाग पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जाणे अपेक्षित असते. इटलीत गोल तबकडीची हातकाठी दाखवून गाडी थांबवली जाते, आणि ती दाखवणारा नागरी पोलीस दलाचा, काराबिनिएरी या लष्करी पोलीस दलाचा किंवा अर्थखात्याच्या रक्षकदलाचाही असू शकतो. गणवेश निराळे असले तरी थांबण्याचे बंधन सारखेच असते. जर्मनीत चालकपरवाना आणि वाहननोंदणीबरोबर धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चकाकणारे जाकीट गाडीत आहे का हेही पाहिले जाते, आणि गाडी भाड्याची असली तरी ते कोठे ठेवले आहे हे चालकाला ठाऊक असावे लागते.

पैशांचा भाग असा. स्थानिक रहिवाशाला दंडाची सूचना टपालाने पाठवता येते, कारण तो कोठे राहतो हे राज्याला माहीत असते. पाहुणा आठवड्यात देशाबाहेर गेला की वसुली जवळजवळ संपते. म्हणून जर्मन कायदा देशात वास्तव्य नसलेल्या चालकाकडून अपेक्षित दंडाइतकी अनामत रक्कम घेण्याची मुभा पोलिसांना देतो, आणि फ्रान्समध्येही अशीच तरतूद आहे. ही रक्कम अनेकदा कार्डाने भरता येते आणि तिची पावती मिळते. भारतीय पर्यटकाला मात्र 'जागेवर पैसे मागितले' म्हणजे लाच, असा ग्रह होतो आणि तो एक तर संतापतो किंवा, त्याहून वाईट, तोडपाणी करू पाहतो. पश्चिम युरोपात, अमेरिकेत, आखाती देशांत किंवा सिंगापुरात पोलिसाला पैसे देऊ करणे हा मूळ वाहतूक गुन्ह्याहून कितीतरी गंभीर गुन्हा आहे. याउलट जेथे नाक्यावर खरोखरच पावतीविना पैसे मागितले जातात, तेथे वाद न घालता छापील दंडपत्र मागणे आणि दंड पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत मार्गाने भरण्याची तयारी दाखवणे, एवढाच उपाय बहुतेक वेळा पुरतो, कारण कागदावर नोंद झालेला पैसा मागणाऱ्याच्या उपयोगाचा उरत नाही.

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांना तेथील मद्यपानविषयक कडकपणा परिचित असतो, पण रस्त्यावर रागाने केलेला अश्लील हातवाराही गुन्हा ठरतो हे नवख्याला माहीत नसते. जपानमध्ये तर २००७ च्या दुरुस्तीनंतर जबाबदारी चालकापुरती राहिलेली नाही: चालक प्यायलेला आहे हे जाणून शेजारी बसणारा, त्याला दारू देणारा आणि गाडी पुरवणारा, हे सगळेच शिक्षेस पात्र असतात, त्यामुळे नाक्यावर मागच्या आसनावरील प्रवाशालाही प्रश्न विचारले जाऊ शकतात.

नाक्यावरच्या थांबण्याचे अटकेत रूपांतर झाले, तर मात्र वेगळी व्यवस्था लागू होते. वाणिज्य दूतसंबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परकीय नागरिकाला त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगणे हे अटक करणाऱ्या देशाचे कर्तव्य आहे. मराठी वाचकांना हे कलम कुलभूषण जाधव खटल्यामुळे ठाऊक आहे. नागपूरचे हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडलेल्या त्या खटल्यात पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. वाहतुकीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या पर्यटकालाही हेच कलम लागू असते. ही मागणी स्पष्ट शब्दांत करावी लागते, कारण दूतावासाला कळवायचे की नाही हे ठरवणे अटक झालेल्या व्यक्तीच्या हाती असते. दूतावास वकिलांची यादी देऊ शकतो, घरी कळवू शकतो, भेटीला अधिकारी पाठवू शकतो. दंड माफ करून घेणे किंवा जप्त झालेली मोटार सोडवणे त्याच्या अधिकारात नसते, आणि भाड्याच्या गाडीवरील कॅमेऱ्याचे दंड तर कंपनीच्या हाताळणी शुल्कासह कित्येक आठवड्यांनंतर क्रेडिट कार्डावर येऊन पडतात.